दाखला आणा, मग बघू

माझ्या आजोबांच्या लाकडी पेटीत शेवटपर्यंत एक नाणं होतं. चांदीचं, एका बाजूला चारमिनार आणि फारसी लिपीतली अक्षरं. निजामाच्या राज्यातला रुपया तो. त्याला 'हाली' म्हणायचे आणि इंग्रजी मुलखातल्या रुपयाला 'कलदार'. आजोबांना आम्ही तेलुगूत 'तात' म्हणायचो. तात सांगायचे, "सोलापूरच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा कनवटीला हेच पैसे होते. सराफानं बट्टा कापून कलदार दिले. एक तेवढं ठेवून दिलं, आपण कुठून आलो ते विसरू नये म्हणून."

आज करीमनगरकडून सोलापुरात येणाऱ्याला कुणी परदेशी म्हणणार नाही. पण तात आले ते १९२५-२६ च्या सुमाराला. तेव्हा तिकडचं राज्य वेगळं, नाणं वेगळं, जकात वेगळी आणि कचेरीची भाषा उर्दू. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं ते १९४८ च्या सप्टेंबरात. आणि ही सरहद्द काही लांब नव्हती. आपलं तुळजापूर, आपलं नळदुर्ग निजामाच्याच राज्यात. सोलापूरचा माणूस देवीच्या दर्शनाला जायचा तो दुसऱ्याच्या राज्यात जायचा.

म्हणजे माझे आजोबा एका अर्थी परदेशातून या शहरात आले. वय अठरा. मराठीचा एक शब्द येत नव्हता. ओळखपत्र, दाखला, शिफारसपत्र, काही म्हणजे काही नव्हतं. तरी ते इथं रुजले. त्यांचा नातू या शहरातल्या मुलांना मराठी शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. हे कसं घडलं आणि आज कुणी नवखा माणूस आपल्या गावात आला तर त्याच्या बाबतीत ते घडेल का, एवढंच आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

सोलापूर हे बाहेरून आलेल्यांनीच वाढवलेलं गाव. १८६० च्या सुमाराला इथं रेल्वे आली. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांची कापडगिरणी उभी राहिली, तीच आपली 'जुनी मिल'. मागाहून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या निघाल्या. गिरण्यांचं सूत मिळू लागलं तसे हातमागही वाढले. तेलंगणातल्या विणकरांच्या हातात कला होती, पण गावात पोट भरत नव्हतं. वाडी जंक्शनला गाडी बदलायची आणि सोलापूर गाठायचं, ही वाट एकदा मळली ती मळलीच. आज शहराच्या ज्या बाजूला आपण नुसतं 'पूर्व भाग' म्हणतो, तो या लोकांनी वसवला.

आता स्टेशनावर उतरलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलाकडे बघा. त्याला चार गोष्टी हव्या असतात. आज रात्री निजायचं कुठं? उद्यापासून काम काय? लोक काय बोलताहेत ते समजणार कसं? आणि ताप आला तर जायचं कुणाकडे? जगात कुठंही, कुठल्याही काळात, परक्या गावात गेलेल्या माणसाचे पहिले प्रश्न हेच असतात.

तातांच्या या प्रश्नांची उत्तरं कुठल्या कचेरीत मिळाली नाहीत. त्यांच्या गावचा एक माणूस आधी येऊन राहिला होता. त्यानं त्यांना एका मागवाल्याकडे नेलं. मागवाल्यानं काम दिलं आणि मागाशेजारीच पथारी टाकायला जागा दिली. दिवसा विणायचं, रात्री तिथंच झोपायचं. जेवण गाववाल्याच्या घरी, आठवड्याचे पैसे ठरवून. भाषा शिकवली ती शेजारच्या भाजीवालीनं. तात गमतीनं सांगायचे, की त्यांना मराठीतलं पहिलं वाक्य आलं ते "लई महाग हाय मावशी!"

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण शिक्षकानं अर्धाच धडा सांगू नये. ज्या मागवाल्यानं जागा दिली, त्यानंच उचलही दिली होती. ती उचल फिटेपर्यंत दुसऱ्याकडे कामाला जाता येत नसे. गिरण्यांतही तीच तऱ्हा. कामावर लावून घेणारा जॉबर खोली मिळवून द्यायचा, उसने पैसे द्यायचा, आणि मग माणूस त्याचा बांधील होऊन बसायचा. ज्या हातानं आधार दिला, त्याच हातात दोरीही असायची. तात सात वर्षं एकाच मागावर बसले ते आवडीनं नव्हे.

म्हणूनच या लोकांनी हळूहळू आपल्या संस्था उभ्या केल्या, त्याचं मला मोल वाटतं. संस्थेची मदत घेतली तर कुणा एकाचं मिंधं व्हावं लागत नाही. मार्कंडेयाचं मंदिर हे नुसतं देवाचं ठिकाण नव्हतं. नवीन कोण आलंय, कुणाला काम हवंय, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे तिथं कळायचं. पद्मशाली शिक्षण संस्था निघाली, कुचन प्रशाला उभी राहिली, पुढं मुलींसाठी बुर्ला महिला महाविद्यालय झालं. सहकारी तत्त्वावर मार्कंडेय रुग्णालय झालं. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतूनही भरू लागल्या. घरात तेलुगू बोलणारं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंचं बोलणं न समजून रडत बसू नये, एवढी काळजी या शहरानं घेतली. मी स्वतः तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलो आणि मग मराठीत आलो. आधी आपली भाषा पक्की झाली म्हणून दुसरी सोपी गेली, हा माझा अनुभव आहे.

घरांचंही तसंच. पूर्व भागातल्या हजारो बायका घरोघरी विड्या वळतात. एका खोलीत माग, संसार आणि तेंदूपानांचा ढीग. अशा विडी कामगार स्त्रियांसाठी नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथली घरं दिली गेली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिला गेला. मागाशेजारच्या पथारीपासून स्वतःच्या घराच्या किल्लीपर्यंत यायला पाऊणशे-शंभर वर्षं लागली. पण माणसं एकत्र आली म्हणून ते झालं.

श्रोतेहो, आपलं गाव जसं परक्यांना घेणारं, तसा आपला एक मुलगाही परक्या देशात जाऊन तिथलाच झाला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. त्यांचं धैर्य, त्यांचा त्याग यांवर पुष्कळ बोललं जातं. मला त्यांच्यातला नवखा माणूस जवळचा वाटतो. भाषा येत नाही, अन्न वेगळं, थंडी हाडं गोठवणारी आणि वर लढाई. कोटणिसांनी चिनी भाषा शिकायला घेतली आणि ती बोलण्यापुरती ठेवली नाही, वाचायला-लिहायलाही शिकले. रुग्णांशी, विद्यार्थ्यांशी ते त्यांच्या भाषेत बोलू लागले. कॅनडातून आलेले डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावानं चालणाऱ्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये संचालक झाले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलगा झाला. आणि ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले.

चीनमधल्या लोकांनी त्यांना चिनी नाव दिलं होतं. परक्या माणसाला आपल्या भाषेतलं नाव देणं म्हणजे, 'तू आता आमचा' असं सांगणंच आहे. त्या नावानं त्यांचं स्मरण तिथं आजही होतं. आपल्याकडे भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक झालं आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या. आणि तिथून परत येताना मुलांना एवढंच विचारा: उद्या कुणी चिनी, नेपाळी किंवा आफ्रिकेतला माणूस आपल्या गल्लीत राहायला आला, तर त्याला मराठी शिकवशील का?

आता कुणी म्हणेल, हे काम सरकारचं. खरं आहे, आणि सरकारं ते करूही शकतात. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात ते घडलं आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियानं देशोधडीला लावलेली पोलंडची माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवडे इथं राहिले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांच्यासाठी घरं बांधली, पोलिश शाळा काढल्या, दवाखाना केला, प्रार्थनेला चर्च झालं. ज्यांनी आपलं सगळं गमावलं होतं, त्यांना पाच वर्षं शांत झोप मिळाली. त्यांच्यातली काही मुलं म्हातारपणी पुन्हा कोल्हापूर बघायला आली, ते उगाच नाही.

परदेशात तर आता याची पद्धतच पडली आहे. माझी पुतणी लग्न होऊन कॅनडात गेली. पहिल्याच महिन्यात तिनं फोनवर सांगितलं, "काका, इथं नव्यानं आलेल्यांसाठी केंद्र असतं. डॉक्टर कुठं, बस कुठली, मुलाला शाळेत घालायचं तर कुठले कागद लागतात, सगळं बसवून समजावतात." कायम वास्तव्याचा परवाना घेऊन आलेल्यांना भाषेचे वर्गही तिथं सरकारी खर्चानं मिळतात. आणि सरकारी केंद्रात मिळत नाही ते, म्हणजे पुरणपोळी आणि आपलं माणूस, ते महाराष्ट्र मंडळात मिळतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. आपल्या मुलांना परक्या देशात असा आधार मिळाला की आपल्याला बरं वाटतं. चारचौघांत आपण कौतुकानं सांगतो, 'काय व्यवस्था आहे बघा तिकडं!'

मीही सांगत होतो. आणि नेमकं तेव्हाच माझ्याकडून जे झालं, ते आज सांगितलं नाही तर या भाषणाला अर्थ नाही.

२०१२ चा जून महिना. मी तेव्हा एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळेचं नाव सांगत नाही, दोष शाळेचा नव्हे, माझा होता. एक नेपाळी गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. संध्याकाळी चायनीजच्या गाड्यावर काम करायचे. मुलाला शाळेत घालायचं म्हणाले. मी नेहमीचं वाक्य बोललो, "आधीच्या शाळेचा दाखला आणा, मग बघू." अगदी सौम्य आवाजात बोललो. कुणाला वाटावं, किती चांगले सर आहेत.

आठ दिवसांनी ते परत आले. दाखला नव्हता, पण मुलाच्या जन्मनोंदणीचा कागद होता. श्रोतेहो, नेपाळीची लिपी देवनागरीच. तो कागद मला आपला मराठी कागद वाचावा तसा वाचता येत होता. मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, सगळं. फक्त खालचा शिक्का ओळखीचा नव्हता. मी म्हणालो, "हा चालतो की नाही ते वर विचारावं लागेल. पुढच्या आठवड्यात या." आणि वर विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. शाळा सुरू होण्याची धांदल, पुस्तकं, पोषण आहार, निमित्तं काय कमी असतात?

ते पुन्हा आले नाहीत.

दिवाळीच्या सुमाराला सात रस्त्याजवळ एका गाड्यावर मला तो मुलगा दिसला. कोबी चिरत होता, मोठ्या माणसासारखा भराभरा. मला बघून म्हणाला, "नमस्कार सर." शुद्ध मराठीत. चार महिन्यांत गिऱ्हाइकांकडून तो मराठी शिकला होता. माझ्या आजोबांसारखाच. मी विचारलं, "शाळेत जातोस ना?" तो म्हणाला, "नाही सर, तुम्ही कागद बघणार होता ना!" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो खरोखरच अजून वाट बघत होता. दुसऱ्या दिवशी मी प्रवेशाचा अर्ज घेऊन गेलो. गाडा तिथंच होता, पण मालक म्हणाला की ते लोक कालच्या गाडीनं पुण्याला गेले. पुण्यात कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की नियम मला ठाऊक होता. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी अडवता येत नाही. वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायचा. कायद्यात 'प्रत्येक बालक' असा शब्द आहे. आणि नेपाळी माणसाला तर भारतात येऊन राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही, १९५० च्या भारत-नेपाळ करारानं ती मोकळीक दिलेली आहे. म्हणजे कायदा त्या मुलाच्या बाजूचा होता, करार बाजूचा होता, लिपीसुद्धा आपलीच होती. मध्ये अडला तो फक्त मी. आणि माझे आजोबा या शहरात आले तेव्हा त्यांच्याकडे तर तेवढाही कागद नव्हता!

त्या दिवसापासून मला एक कळलं आहे. योजना असतात, कायदे असतात. पण नवख्या माणसाला ते माहीत नसतात, आणि ज्याला माहीत असतात तो 'मग बघू' म्हणतो. रेशनचंच घ्या. आता एका राज्यातलं रेशनकार्ड दुसऱ्या राज्यातल्या दुकानात चालतं. झारखंडचा माणूस सोलापुरात आपलं धान्य घेऊ शकतो. पण बांधकामावर राहणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलं आहे? २०२० च्या टाळेबंदीत परगावचे मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन महामार्गानं चालत निघालेले आपण पाहिले. ते उपाशी होते म्हणून तर निघालेच, पण या गावात आपलं दार ठोठवावं असं एकही घर नाही, हेही त्यांना वाटलं असणार.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. महापालिकेच्या प्रत्येक विभागीय कार्यालयात एक टेबल असावं. त्यावर लिहावं: 'सोलापुरात नवीन आहात? इथं विचारा.' तिथं हिंदी, तेलुगू, कन्नड समजणारा माणूस बसावा. परदेशातून आलेल्याला पोलिसांकडे नोंद कुठं करायची ते सांगावं. शाळा, दवाखाना, रेशन, भाड्याच्या खोलीचा करार, या पाच-सहा गोष्टींचा एकच कागद छापून त्याच्या हातात द्यावा. ज्या गावात चार भाषांत शाळा चालल्या, त्या गावाला हे अवघड नाही.

आणि ते होईपर्यंत? आम्ही तिघं निवृत्त शिक्षक दर जून महिन्यात पहिले पंधरा दिवस संध्याकाळी फिरतो. बांधकामं, वीटभट्ट्या, खाण्याचे गाडे. सहा ते चौदा वर्षांचं मूल दिसलं की आईबापांना विचारतो, शाळेत नाव घातलंय का? नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर शाळेत जातो. मुख्याध्यापक म्हणाले, "दाखला आणा," की आम्ही कायद्याचं कलम दाखवतो. रागावत नाही. त्या खुर्चीवर बसलेला माणूस काय विचार करतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. पहिल्या वर्षी चार मुलांची नावं घातली गेली. त्यातली एक मुलगी मध्येच गावी गेली, तिघं टिकली.

तातांचं ते नाणं आता माझ्याकडे आहे. बाजारात ते चालत नाही. पण एखाद्या आईबापाबरोबर शाळेत जायचं असलं की ते मी खिशात टाकतो.

तुमच्या गल्लीतही कुणीतरी नवीन आलं असेल. वॉचमन असेल, फरशी बसवणारा असेल, नाहीतर आपल्या मुलांच्या कॉलेजात शिकायला आलेला एखादा परदेशी विद्यार्थी असेल. आज घरी जाताना त्याला एवढंच विचारा, "कुठं अडलंय का?" आणि त्यानं काही सांगितलं, तर 'मग बघू' म्हणू नका.